एक नाव, एक हात

निमखेडकर सरांना कंपवाताची सुरुवात झाल्याचं सरांच्या आधी प्रमिला वाघचौरेला कळलं, यात तसं नवल काही नव्हतं. सरांची बढती, सरांना मिळालेला पुरस्कार, सरांच्या साडूने धाडलेलं हुरड्याचं आमंत्रण, सगळं आधी तिलाच कळायचं. रोज साडेदहाला सरांच्या नावाने यंत्रात शिरायचं, पत्रं उघडायची, कामाची तेवढी छापायची आणि सरांच्या टेबलावर दगडाखाली ठेवायची. सर भूशास्त्राचे विभागप्रमुख, त्यामुळे दगडसुद्धा साधा नाही. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा काळा पत्थर.

त्या मंगळवारी पत्र आलं ते असं:

‘डॉ. त्र्यंबक निमखेडकर यांस. गेल्या अकरा आठवड्यांत आपल्या उजव्या हाताच्या चालीत बदल आढळला आहे. अनामिका आणि करंगळी कळ सोडायला उशीर करतात. हे कंपवाताचं पूर्वलक्षण असण्याची शक्यता शेकडा एक्क्याण्णव आहे. सात दिवसांत आरोग्य केंद्रात यावे. घाबरू नये.’

‘घाबरू नये’ हे शब्द वाचले आणि प्रमिलाचे दोन्ही हात कळफलकावरून तापल्या तव्यावरून उचलावेत तसे उठले.

कारण सरांनी विद्यापीठाच्या कुठल्याही यंत्रावर आजवर एक अक्षर टाइप केलेलं नव्हतं. सर येरझारा घालत सांगायचे, ती टाइप करायची. अनामिका तिची होती. करंगळीही तिचीच.

*

हे समजायचं तर ‘हातओळख’ काय चीज होती ते सांगायला हवं.

पूर्वी या विद्यापीठात पासवर्ड नावाची गोष्ट होती. ती गुप्त असते असं म्हणत. प्रत्यक्षात प्रत्येक साहेबाचा पासवर्ड म्हणजे कुलदैवताचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन, आणि तोही चिठ्ठीवर लिहून कळफलकाच्या खाली चिकटवलेला. मग एके वर्षी परीक्षा विभागात कुणीतरी चाळीस जणांचे गुण वाढवले. चौकशी झाली तेव्हा कळलं की त्या एका नावाने सतरा माणसं यंत्रात शिरत होती, त्यात कॅन्टीनवाल्याचा पुतण्याही होता. कुणावर काही शाबीत होईना. तेव्हा कुलगुरूंनी समिती नेमली, समितीचे अध्यक्ष निमखेडकर सर, आणि समितीने लिहिली ‘संगणक व विद्युत उपकरणे योग्य वापर नियमावली’. तिचा सातवा नियम प्रत्येक खोलीत प्लास्टिकमध्ये घालून टांगला गेला: एक नाव, एक हात.

पासवर्ड गेले. त्यांच्या जागी हात आला. माणूस टाइप करतो तेव्हा बोट कळीवर टेकतं, क्षणभर थांबतं, उठतं, पुढच्या कळीवर जातं. हे टेकणं सेकंदाच्या दहाव्या हिश्शाचं, पण कुणाचं जरा जास्त, कुणाचं जरा कमी. ‘क’वरून ‘र’वर जायला एकाला जेवढा वेळ लागतो तेवढाच दुसऱ्याला लागत नाही. अशा दहा हजार जोड्या मोजल्या की जिन्यावरच्या चपलांच्या आवाजावरून घरचं माणूस ओळखू यावं, तसा हात ओळखू येतो. चार ओळी टाइप केल्या की यंत्राने म्हणायचं, ‘हात जुळला’. नाही जुळला तर दार बंद.

आणि पहारेकरी एवढं बारीक ऐकतोय म्हटल्यावर त्याच्या कानावर आणखी काही पडणारच. मेंदूतला एक रस आटायला लागला की बोट खाली जातं वेळेवर, पण उठतं उशिरा. सेकंदाच्या हजाराव्या हिश्शांनी उशिरा. माणसाला जाणवत नाही, डॉक्टरला दिसत नाही, पण कळफलक मोजतो. हात दिसण्याइतका थरथरायच्या काही महिने आधी यंत्राला कळतं. म्हणून विद्यापीठाने नियम मोडणारे पकडायला बसवलेल्या यंत्राला नाडी बघायचंही काम दिलं.

हात नोंदवायचा आठवडा आला तेव्हा प्रत्येकाने बारा पानं टाइप करायची होती. नियम लिहिणारे सर नेमके त्या आठवड्यात परदेशी पाहुण्यांना लोणारचं विवर दाखवायला निघाले होते. गाडीत बसता बसता म्हणाले, “बाई, तेवढी माझी बारा पानं उरकून टाका. म्हणजे माझ्यामागची कटकट संपेल.”

बाईंनी उरकली. वीस वर्षं सरांचं सगळं उरकत आल्या होत्या. सरांच्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांचे अहवाल, सरांच्या मेहुणीच्या श्राद्धाची निमंत्रणं, सगळं. सरांची पानं झाली, मग तिने स्वतःच्या नावाने सुरुवात केली. दुसऱ्याच पानावर यंत्र म्हणालं: ‘हा हात दुसऱ्या नावावर नोंदलेला आहे.’

प्रमिलाने तालुक्याच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमधून मिनिटाला चाळीस शब्दांची परीक्षा पहिल्या नंबराने काढलेली. दोन्ही हातांनी पाण्यासारखं टाइप करणारी बाई. ती घामाघूम होऊन दहा मिनिटं बसली आणि मग उजवा हात मांडीवर ठेवून बाराच्या बारा पानं नुसत्या डाव्या हाताने बडवली. यंत्राने तो हात मुकाट मान्य केला.

तेव्हापासून ती सरांचं काम दोन्ही हातांनी करायची आणि स्वतःचं एका. दगडांच्या कपाटाआड तिचं टेबल होतं म्हणून कुणाला दिसायचं नाही. “वाघचौरे मॅडम स्वतःच्या रजेचा अर्ज लिहायला अर्धा दिवस घेतात,” असं लोक हसून म्हणायचे, तेवढंच.

*

तिने पत्र छापलं आणि दगडाखाली ठेवलं. सर आले, चष्मा लावला, वाचलं. पुन्हा वाचलं. मग स्वतःचा उजवा हात नाकासमोर धरला आणि बाजारात गवार बघावी तसा उलटसुलट बघितला.

“हा हात?” सर म्हणाले.

प्रमिलाचा हात दगडावर होता. तो ती तिथे का ठेवून उभी होती ते तिलाच ठाऊक. दगड जड होता आणि हात त्याच्यावर स्थिर राहत होता. किंवा तिला तसं वाटत होतं.

सरांनी त्या हाताकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग कागदाची घडी करून खिशात घातली.

“कुणाला बोलू नका, बाई.”

“नाही सर.”

आता आपण बोलायला हवं, असं तिला वाटत होतं. सर, हे तुम्ही नाही, ही मी. एवढेच शब्द. पण त्या शब्दांच्या मागे सातवा नियम टांगलेला होता, आणि सातव्या नियमाच्या मागे उभा होता ग्रंथालयातला घुगे.

घुगेने भावाच्या नावाने एक ऑनलाइन परीक्षा दिली होती. त्याला नोकरीवरून काढलं नाही. त्याचा हात बंद केला. हातबंदी म्हणतात तिला. विद्यापीठाच्या यादीतला बंद हात सरकारी यादीत जातो, आणि मग जिथे जिथे हातओळख आहे तिथे त्या बोटांखाली कळफलकाचे दिवे विझतात. तहसीलमध्ये, दवाखान्यात, डेपोत. घुगे आता ग्रंथालयाच्या दारात बसून पुस्तकांवरची धूळ पुसतो. टाइप करूनच जिने पोट भरलं त्या बाईने हे रोज जाता-येता बघितलेलं.

*

घरी गेली तर नवरा अंगणात उकिडवा बसून रांगोळीकडे बघत होता. दिगंबर एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला. नट किती मिलिमीटरचा हे नुसतं बघून सांगणारा माणूस.

“काय गं, रांगोळी महाग झाली का?”

“का?”

“उजवीकडे बघ. ठिपके बारीक होत गेलेत. डावीकडे हरभऱ्याएवढे आणि उजवीकडे मोहरीएवढे. परवापण तसंच होतं. मी म्हटलं, बाई काटकसर करते वाटतं.”

तिने बघितलं. सकाळी काढताना सगळे सारखे वाटले होते.

“आणि काल फोडणी जळली,” दिगंबर म्हणाला. “मी बाहेरून ओरडत आलो, तू चुलीपाशीच उभी. वास आला नाही का तुला?”

“सर्दी आहे.”

“दिवाळीपासून?”

तिने पायाने रांगोळी विस्कटली. दिगंबर उठला, गुडघे चोळले आणि तिच्या तोंडाकडे बघून आत गेला. त्या रात्री जेवताना तिचा घास उजव्या हातातून एकदाच सुटला. दोघांनीही तो बघितला आणि दोघांनीही डाळीत मीठ बरोबर आहे असं म्हटलं.

*

चौथ्या आठवड्यात सरांनी तिला फाइल घेऊन आरोग्य केंद्रात पाठवलं. दारातल्या टोकन यंत्रापाशी घुगे उभा होता. नेमका घुगे.

“मॅडम, जरा माझं नाव दाबता का?” तो अगदी सहज म्हणाला, पेन मागावं तसं. “माझ्या बोटाखाली हे मरतं.”

त्याने दाखवायला म्हणून बोट टेकवलं. अक्षरांचे हिरवे दिवे एकेक करून विझले. बोट उचललं, पुन्हा लागले. आजूबाजूच्या दोघा-तिघांनी नजर दुसरीकडे वळवली. प्रमिलाने डाव्या हाताने त्याचं नाव दाबलं. तिच्या कपाळावर घाम आला होता आणि घुगे मात्र हसत होता. सवय झालेला माणूस हसतो तसं.

आत डॉ. साबिहा काझी होत्या. सरांची फाइल बघून म्हणाल्या, “निमखेडकर सर नशीबवान. फार लवकर सापडलं.”

“लवकर म्हणजे?”

“या आजाराला आता पट्टी निघालीय. खांद्याच्या मागे चिकटवायची, आठवड्याला एक. मेंदूतल्या ज्या पेशी मरायला टेकल्यात त्यांना धरून ठेवते. पण मेलेल्या उठवत नाही. हात डोळ्याला दिसेल इतका सतत थरथरायला लागला की मग पट्टी लावली काय, न लावली काय.”

“किती दिवस असतात मध्ये?”

“यंत्राने दहा आठवडे दिले होते. चार गेले.” डॉक्टरांनी वर बघितलं. “तुम्ही का घाबरताय, वाघचौरे मॅडम? सर दर सोमवारी पट्टी घेऊन जातात.”

“एखाद्याने दुसऱ्याची पट्टी लावली तर?”

“नाही चालत. रक्त बघून बनवतात. सरांची पट्टी तुम्ही लावलीत तर दोन दिवस डोकं दुखेल, बाकी काही नाही. त्यातून नोंदीत नाव असल्याशिवाय कुणाचं रक्तच घेत नाहीत, एवढी महाग वस्तू आहे. सरांना एक विचारा मात्र. चार पट्ट्या झाल्या, यंत्रात एवढासाही फरक नाही. उलट वाईटच. ते पट्टी लावतात ना?”

प्रमिलाने उजवा हात फाइलखाली दाबून धरला आणि मान हलवली. बाहेर येताना तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. सर धडधाकट. रक्त द्यायला गेले. दर सोमवारी पट्टी आणतात. मग सर काय समजतात?

*

पट्ट्या तिला दुसऱ्या दिवशी सापडल्या. दगडांच्या कपाटात, ‘गारगोटी, अजिंठा रस्ता’ अशी चिठ्ठी लावलेल्या खोक्यात. चारही. एकही उघडलेली नाही.

ती खोकं हातात घेऊन उभी असतानाच सर आत आले.

सर नंबर एकचे बोलणारे. गारगोटीवर दीड तास बोलू शकणारा माणूस. पण खोकं बघितलं आणि ते खुर्चीत बसले ते बसलेच.

“तुम्हाला माहीत होतं,” प्रमिला म्हणाली.

“पहिल्याच दिवशी. तुमचा हात दगडावर होता. दगड हलत होता बाई, जरासा. टेबलाच्या काचेवर टकटक आवाज येत होता. तुम्हाला ऐकू आला नाही?”

“नाही.”

“मी तीस वर्षं भूकंपाचे आलेख वाचतोय. मला आला.”

बाहेर व्हरांड्यात कुणीतरी चहाचा ट्रे घेऊन गेलं.

“मग बोलला का नाहीत, सर?”

“नियम मी लिहिलाय.” सर भिंतीवरच्या प्लास्टिककडे बघून म्हणाले. “घुगेच्या कागदावर सही माझी आहे. तो रडत होता त्या खुर्चीवर, आणि मी त्याला म्हटलं, नियम सगळ्यांना सारखा. आता मी कुठल्या तोंडाने सांगू की माझं नाव ज्या हातावर आहे तो माझा नाहीच? गेलो नसतो तर चौकशी लागली असती, म्हणून पट्ट्या आणत राहिलो. म्हटलं, तुम्हीच सांगाल कधीतरी.”

“मी म्हटलं, तुम्ही ओळखाल.”

“ओळखलं होतं.”

“चार आठवडे, सर.”

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. प्रमिलाला ओरडायचं होतं, पण वीस वर्षं या खोलीत तिने आवाज चढवला नव्हता आणि तो कुठून काढायचा हे तिला माहीत नव्हतं. तिने खोकं टेबलावर ठेवलं. तेवढ्यात तिची करंगळी हलली. तिने हलवली नव्हती. आपोआप, झोपलेल्या कुत्र्याचा पाय हलावा तशी. दोघांनीही पाहिली.

सर ताडकन उठले आणि येरझारा घालू लागले. “घ्या बाई, टाइप करा. कुलगुरूंना. माझ्या नावाने. ‘महोदय, हातओळख प्रणालीत माझ्या नावावर नोंदलेला हात माझा नसून...’”

कबुली द्यायची तीही सांगून टाइप करून घ्यायची. दुसऱ्या कुठल्या वेळी प्रमिलाला हसू आलं असतं. आता ती मुकाट सरांच्या यंत्रासमोर बसली आणि टाइप करू लागली. एक ओळ झाली. दुसरी झाली. तिसऱ्या ओळीत यंत्र थांबलं.

‘हात जुळत नाही. हे नाव डॉ. त्र्यंबक निमखेडकर यांचे आहे. कृपया त्यांना बोलवा.’

तिला आधी कळेचना. पुन्हा वाचलं. मग उमगलं. बोटं इतकी बदलली होती की तीन वर्षं जो हात सरांचा म्हणून चालला, तो आता सरांचाही राहिला नव्हता.

“उठा, मी बघतो,” सर म्हणाले. बसले, आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या कळफलकावर बोट ठेवलं. “म कुठाय?”

“वर नाही सर. खालच्या ओळीत.”

एक बोट. एक अक्षर. खूप शोधाशोध. दुसरं अक्षर. चार शब्द होईपर्यंत सरांचा शर्ट पाठीला चिकटला.

‘हात जुळत नाही. ही दुसरी वेळ आहे. तिसऱ्या वेळी हे नाव आणि आजचे सर्व हात बंद करण्यात येतील. कृपया डॉ. निमखेडकर यांना बोलवा.’

डॉ. निमखेडकर यंत्राकडे बघत राहिले. जिवंत, धडधाकट, स्वतःच्या खुर्चीत बसलेले, आणि यंत्र त्यांना बोलवायला सांगत होतं.

“मी वर जातो,” ते म्हणाले. “कुलगुरूंना तोंडी सांगतो.”

“कुलगुरू सोमवारपर्यंत दिल्लीत आहेत. तुमच्याच डायरीत लिहिलंय.” प्रमिला उठली. “आणि तोंडी सांगितलेलं नोंदीत जात नाही, सर. हा तुमचाच नियम. अकरावा.”

ती कपाटाआड स्वतःच्या टेबलापाशी गेली. खुर्ची ओढली. उजवा हात मांडीवर ठेवला. तो तिथे परक्या घरच्या लेकरासारखा चुळबुळत राहिला. डावा हात कळफलकावर ठेवला. हा हात निरोगी होता आणि तो तिच्याच नावावर होता. आज संध्याकाळपर्यंत तोही बंद होणार होता. घुगेच्या शेजारी धूळ पुसायला आणखी एक खुर्ची लागेल.

ती एका हाताने टाइप करू लागली. हळू. लोक हसायचे तसंच हळू. सर मागे येऊन उभे राहिले.

‘प्रति, आरोग्य केंद्र आणि संगणक केंद्र. मी प्रमिला दिगंबर वाघचौरे, लिपिक, भूशास्त्र विभाग. विभागप्रमुखांच्या नावावर नोंदलेला हात मी तीन वर्षं वापरत आहे. पत्रातला आजार मला आहे. सहा आठवडे उरले आहेत. तो हात माझा आहे. तो माझ्या नावावर परत करावा.’

“‘परत’च्या आधी ‘कृपया’ घाला,” सर सवयीने म्हणाले.

तिने घातलं नाही. तिने पाठवायची कळ दाबली.

‘हात जुळला’, यंत्र म्हणालं. ‘आभार.’

मग काही झालं नाही. घड्याळात एक मिनिट गेलं. दोन गेली. प्रमिलाने डावा हात उचलला नाही. उचलला तर कळायचं कसं? तिसऱ्या मिनिटाला तिच्या करंगळीखालचा दिवा विझला. मग त्याच्या शेजारचा. मग पुढचा. एकामागून एक, लग्न उरकल्यावर मांडवातली माळ उतरवावी तसे, डावीकडून उजवीकडे सगळे विझले. तिने बोटं दाबली. काही नाही. तिच्या तोंडून बारीकसा आवाज निघाला आणि तिने पदर तोंडावर धरला.

सर तिच्यामागे तसेच उभे. “मीही लिहून देतो,” ते पुटपुटले. “पेनाने. सहीनिशी. घुगेचंही त्यातच लिहितो.” त्यांनी खिसा चाचपला, पेन काढलं, टोपण दुसऱ्या खेपेला निघालं.

तेवढ्यात सरांच्या टेबलावरचा फोन वाजला.

वीस वर्षांत तो फोन कायम प्रमिलानेच उचलला होता आणि कायम म्हणाली होती, ‘सर, तुमच्यासाठी.’ आज ती उठली नाही. सात-आठ वेळा वाजल्यावर सरच गेले. उचलला, ऐकलं, हातातला रिसीव्हर वायर पुरेल तेवढा ओढत कपाटापर्यंत आणला.

“काझी डॉक्टर आहेत. म्हणतात, वाघचौरेंना आत्ताच्या आत्ता रक्त द्यायला पाठवा.” सरांनी रिसीव्हर पुढे केला. “बाई, तुमच्यासाठी.”

तिने तो उजव्या हाताने घेतला.